खिडकीसमोरची शेवंती

कळीमावशींचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते तिथेच राहिलं. शेवंतीच्या बागेत कामाला लागल्या त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांनी एकच काम केलं, कळ्या खुडायचं. शेवंतीच्या दांड्याला शेंड्यावर एक मोठी कळी येते आणि तिच्या आजूबाजूला पाच-सहा बारक्या येऊन चिकटतात. मोठं टपोरं फूल हवं असेल तर ह्या बारक्या काढून टाकाव्या लागतात. त्या नखाने तोडायच्या नसतात, अंगठ्याने अलगद बाजूला लोटायच्या असतात. मोहरीएवढी असताना काढली तर कुणाला कळतही नाही. उशीर झाला तर दांड्यावर व्रण राहतो, घाई झाली तर मधलीच कळी हातात येते आणि तो दांडा फुकट जातो.

बाकीच्या बायका बघून बघून खुडायच्या. मावशींचे डोळे मात्र अर्धे मिटलेले असायचे. त्यांची बोटं शेंड्यावर टेकली की मधली कुठली, बाजूच्या किती, कुठली अजून पानात लपलीय, सगळं बोटांनाच कळायचं. ओठांवर देवाचं नाव आणि हाताखाली कळ्या, असं एकदा सुरू झालं की त्या कुठे आहेत हे त्यांनाही ठाऊक नसायचं. सुपरवायझर म्हणायचा, मावशी झोपेत काम करतात आणि आपण जागेपणी करतो त्याच्या दुप्पट करतात. मावशी हसून सोडून द्यायच्या. खरंच त्यांना तसं वाटायचं. प्लास्टिकच्या शेडमधला तो दुधी उजेड, ओल्या मातीचा वास, ठिबकच्या नळ्यांची टपटप, आणि बोटांच्या टोकांशी एकामागून एक येणाऱ्या, अजून न झालेल्या फुलांच्या गाठी. स्वप्न याहून वेगळं काय असतं?

त्या राहायच्याही बागेतच. मागच्या भिंतीला लागून एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढं त्यांना मिळालं होतं ते यजमानांमुळे. यजमान रात्रीचे राखणदार. सगळे त्यांना काका म्हणत, मावशी 'हे' म्हणत. राखण करायची म्हणजे चोरांची कमी, अंधाराची जास्त. दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला फुलायचे डोहाळे लागतात. रात्र लांबली हे तिला कसं कळतं देव जाणे, पण कळतं. रोप वीतभर असतानाच फुललं तर दांडा आखूड राहतो, तो कुणी घेत नाही. म्हणून रोपं कोवळी असताना महिनाभर, ऐन मध्यरात्री चार तास, ओळीने टांगलेले दिवे लावायचे. काका त्याला रात्र मोडणं म्हणायचे. मोडलेल्या रात्रीला रोप दिवसच समजतं, आणि नुसतं वाढत राहतं. मग पुरेसं उंच झालं की एके दिवशी दिवे बंद करायचे. सलग काळोख मिळाला की तीनेक आठवड्यांत शेंड्याशी काहीतरी घट्ट लागतं.

"उजेडात झाड बाहेरचं काम करतं," काका सांगायचे. "आतलं काम काढतं ते काळोखातच."

लग्न होऊन मावशी ह्या खोलीत आल्या तेव्हा त्यांना एकटीला रात्री भीती वाटायची. मग काकांनीच खिडकीशी एक पिवळा दिवा लावून दिला. म्हणाले, हा रात्रभर राहू दे. तू घाबरणार नाहीस, आणि मला फेरी मारताना लांबून दिसेल, की माझं घर तिथे आहे. भीती चार-दोन महिन्यांत गेली. दिवा राहिला. दोन वर्षांपूर्वी काका गेले, दिवा तरी राहिलाच. शेडमधले दिवे लावायला-विझवायला आता भिंतीवर एक डबी बसवलीय, ती आपोआप टक् करते. तिला काही खिडकी बघायची नसते. पण संध्याकाळ झाली की मावशींचा हात खिडकीजवळच्या बटणाकडे जायचाच. मागच्या वर्षी तो पिवळा दिवा गेला तेव्हा वायरमनने नवा पांढरा बसवला. सगळी खोली दवाखान्यासारखी लख्ख झाली. मावशी त्या लख्ख उजेडात झोपायच्या, म्हणजे पडायच्या. पहाटे उठायच्या तेव्हा वाटायचं, रात्रभर कुणीतरी आपल्याशी बोलत होतं आणि आपण हूं हूं करत होतो.

त्याच खोलीत पलीकडच्या खाटेवर नणंद झोपायची. शाळेत घंटा वाजवायच्या नोकरीत तिचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर ती भावाकडे राहायला आली. लग्न केलं नाही. म्हणायची, चारशे पोरं सांभाळून झाली, आता कशाला. तीन चमचे साखरेचा चहा पिऊन ती डोळ्यांवर काळ्या कापडाची चौपदरी घडी टाकायची आणि पाठ टेकताच घोरायला लागायची.

तर वर्षातून एकदा बागेत तपासणीला नर्सबाई येते, तशी ती आली. सगळ्या जणी सकाळी चहाविना, तोंड वाकडं करून फुलं बांधायच्या शेडमध्ये रांगेत उभ्या राहिल्या. मावशींच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब यंत्राला लावला, आणि नर्सबाईने कागदावर एकशे अठरा असा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला.

"साखरेचा आजार झाला असं नाही," ती म्हणाली, "पण काठावर आहात. घरात कुणाला होता?"

आईला होता. मावशींनी तेवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. आईचे शेवटचे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हलले नव्हते. आधी आईच्या पावलांतलं भान गेलं, चप्पल पायात आहे की वाटेत पडली हे कळेना. मग हातांतलं. झंपरची बटणं लावताना ती खाली मान घालून बोटांकडे बघत राहायची, जणू दुसऱ्या कुणाची बोटं तिच्या हातावर आणून ठेवलीत. दवाखान्यात सुई टोचली तर विचारायची, टोचलीस का गं? तेव्हा मावशी आईशेजारी बसलेल्या असायच्या, आणि पदराखाली आपली बोटं एकमेकांवर घासून बघायच्या.

नर्सबाईने खाण्यापिण्याचं विचारलं, चालण्याचं विचारलं, मग झोपेचं. झोप लागते का, किती वाजता, खोलीत अंधार असतो का. दिवा रात्रभर असतो म्हटल्यावर तिने मान वर केली. ती समजावून सांगायला लागली. अंधार पडला की शरीराला कळतं, की आता आवरायची वेळ झाली. रात्रभर अंगावर उजेड राहिला तर डोळे मिटले तरी शरीर अर्धवट जागं राहतं, काळीज जरा जोरातच चालतं, आणि सकाळी रक्तातली साखर जागेवर लावायला ते कुरकुर करतं. उजेडात झोपणाऱ्यांना हा आजार जास्त होताना दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय. तेवढ्यानेच होतो असं कुणी म्हणत नाही. तुमची आई आहे, वय आहे, चहा आहे. पण दिवा मालवून बघायला काय हरकत आहे? तीन महिन्यांनी मी परत येते, तेव्हा बघू.

मावशींनी चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. संध्याकाळी बागेला तीन फेऱ्या मारायला लागल्या. दिव्याचं मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही. दिव्याने साखर वाढते हे त्यांना काही पटेना. घरी येऊन नणंदेला सांगितलं तर नणंद म्हणाली, "दिवा काय, उद्या म्हणतील चंद्र कडू लागतो." दोघी हसल्या, आणि हसता हसताच मावशींनी बटण दाबलं. खोली पांढरी झाली. खरी गोष्ट अशी, की तो दिवा मालवायचा म्हणजे रात्री फेरी मारणाऱ्या माणसाला तुझं घर आता इथे नाही असं सांगायचं. ते मावशींच्याने होण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी बागेला एक नवी शेड झाली होती. आधी तिथे जुनं कोठार होतं, खिडकीच्या तोंडावरच. ते पाडलं आणि थेट मावशींच्या भिंतीपर्यंत प्लास्टिकचं छप्पर आलं. त्या शेडमधल्या रोपांची रात्र महिनाभर मोडली, मग डबीने टक् करून दिवे बंद केले. तिसऱ्या आठवड्यात कळ्या दिसल्या, आणि नर्सबाई येऊन गेल्यावर दीड महिन्याने तिथली खुडणी निघाली.

मावशी दाराकडून सुरू करून आत आत येत होत्या. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर नाम. दुपार कलली होती. कळ्या नेहमीसारख्या बोटांशी येत होत्या आणि बाजूला होत होत्या. शेवटच्या वाफ्याच्या मध्यावर त्यांनी पुढच्या शेंड्यावर बोटं ठेवली, तर काही नाही. पुढच्या शेंड्यावरही काही नाही. त्यापुढच्यावर नुसती मऊ पानं. कळी नाही, गाठ नाही, मोहरीसुद्धा नाही.

गेली, मावशींना वाटलं. बोटं गेली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. उघडायचा धीरच झाला नाही. अंगठा पुन्हा पुन्हा शेंड्यावरून फिरवला. पान लागत होतं, पानाची लव लागत होती, पण ती घट्ट गाठ कुठेच नव्हती. आई बटणांकडे मान घालून बघायची ते आठवलं. आपण आता खाली बघणार, समोर भरगच्च कळ्या असणार, आणि आपल्या बोटांना त्या लागत नसणार. किती वेळ त्या तशा उभ्या होत्या कोण जाणे. मग देवाचं नाव जरा मोठ्याने घेतलं आणि डोळे उघडले.

समोर एकही कळी नव्हती.

रोपं होती, चांगली उंच, हिरवीगार, टवटवीत. आजूबाजूच्या रोपांना कळ्या होत्या, आणि मधली ही रोपं नुसती पानांनी डोलत होती, उद्या-परवाचं काही कामच नसल्यासारखी. मावशी मटकन वाफ्याच्या कडेला बसल्या आणि हसायलाच लागल्या. शेजारच्या ओळीतल्या बाईने विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, काही नाही, माझी बोटं शाबूत आहेत. ती बाई काही न समजून पुन्हा कामाला लागली.

सुपरवायझर आला. त्याने पानं उलटीपालटी केली, मुळं उकरून पाहिली आणि तोंड लांब केलं. रोग असेल, म्हणाला, नाहीतर रोपंच वांझ आली असतील. इतरांना लागण व्हायच्या आत उद्या सकाळी मालकीणबाईंना दाखवून उपटून टाकू. मावशींनी तेवढ्यात एक पाहिलं होतं. रोग म्हणावा तर तो असा आखून दिल्यासारखा पसरत नाही. ही हिरवी पट्टी भिंतीपाशी अरुंद होती, पुढे रुंद होत गेली होती, आणि दोन्ही कडा दोरी लावून काढल्यासारख्या सरळ होत्या. पण त्याचा अर्थ काही त्यांना लागला नाही.

तो लागला संध्याकाळी. घरी आल्या, हातपाय धुतले, खिडकीजवळचं बटण दाबलं, आणि वाळत घातलेला टॉवेल आणायला मागच्या बाजूला गेल्या. बाहेर काळोख दाटला होता. सगळी बाग झोपेला टेकली होती. आणि त्यांच्या खिडकीतून निघालेला पांढरा पट्टा भिंत ओलांडून, नव्या शेडच्या प्लास्टिकमधून आत शिरून, वाफ्यावर पसरला होता. भिंतीपाशी अरुंद, पुढे रुंद, कडा सरळ. त्या पट्ट्यात ती रोपं उभी होती. आजूबाजूची सगळी काळोखात आपापलं आतलं काम काढून बसलेली, आणि ही तेवढी टक्क जागी.

मावशी टॉवेल हातात धरून बघत राहिल्या. ती रोपं त्यांना खुडणीची वाटलीच नाहीत. घरात कुणी परत यायचं असलं की माणसं जशी कपडे न बदलता बसून राहतात, तशी ती वाटली. दिवस आहे, अजून दिवसच आहे, असं समजून रात्रीमागून रात्र वाढत राहिलेली. कुणाची वाट बघतोय हे विसरलं तरी बघत राहिलेली. आणि त्यांच्या मनात आलं, की ह्या दिव्याच्या उजेडात, रोपांच्याही आधी, एक खाट आहे. त्या खाटेवर मी असते.

नर्सबाईचं बोलणं तेव्हा त्यांना कळलं. तिने तेच सांगितलं होतं, फक्त शेवंतीच्या भाषेत सांगितलं नव्हतं.

जेवणं झाली. नणंदेने काळी घडी डोळ्यांवर टाकली. मावशी खाटेवर बसून राहिल्या, मग उठल्या आणि दिवा मालवला.

इतका काळोख त्या खोलीत कधी झालाच नव्हता. आधी काहीच दिसेना, स्वतःचा हातही नाही. ह्यांना आता घर कसं दिसेल? मग वाटलं, काय वेडी मी. हा माणूस जन्मभर काळोखातच चालला. कुठे पायरी, कुठे नळी, सगळं त्याच्या तळव्यांना पाठ होतं. दिवा त्याला कशाला हवा होता? मला भीती वाटत होती म्हणून त्याने लावून दिला, आणि मला लाज वाटू नये म्हणून स्वतःच्या नावावर घेतला. हे इतक्या वर्षांत त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पलीकडचं घोरणं थांबलं.

"वहिनी, लाइट गेली का?"

"नाही वन्सं. मी घालवली."

मग काळी घडी उशाशी ठेवल्याची सळसळ झाली.

"दहा वर्षं झाली मला हे कापड तोंडावर घेऊन," नणंद म्हणाली. "रोज वाटायचं, उठावं आणि बंद करावा मेला."

"मग सांगायचं नाही का?"

"दादासाठी होता ना. मी कशी सांगू?" आणि मग, "पांढरा बसवला तेव्हा तर मला वाटलं, आता वहिनी माझं ऑपरेशनच करणार."

दोघी अंधारात हसल्या. एकमेकींचं तोंड दिसत नसताना हसणं वेगळंच असतं. हळूहळू खिडकीची चौकट दिसू लागली, मग चौकटीतलं आभाळ. देवाने दिवस घडवला तसा हा काळोखही त्यानेच घडवला असणार, मावशींच्या मनात आलं, आणि आपण त्याला आपल्या घरी कधी येऊच दिलं नाही. त्यांनी अंथरुणातच हात जोडले. ठिबकची टपटप लांबून येत होती. ती मोजता मोजता कुठेतरी त्यांचे जोडलेले हात सुटले. कुणी बोलत नव्हतं, कुणाला हूं म्हणायचं नव्हतं. स्वप्नात त्या शेडमधून चालत होत्या, दोन्ही बाजूंना रोपं डोळे मिटून उभी होती, आणि त्यांच्या पुढे थोड्या अंतरावर ओळखीची पावलं दिव्याशिवाय चालली होती.

सकाळी सुपरवायझर फावडं घेऊन यायच्या आत त्या मालकीणबाईंकडे जाऊन उभ्या राहिल्या. रोग नाही, माझी खिडकी आहे, एवढं सांगितलं. मालकीणबाईंनी वाफ्यापाशी जाऊन खिडकीकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं, आणि सुपरवायझरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. काका असते तर पहिल्याच रात्री सांगितलं असतं, त्या म्हणाल्या. रोपं राहू देत, ह्यांना आता तरी झोपू द्या. सुपरवायझर फावडं खांद्यावर टाकून निघून गेला.

इतर वाफे फुलून कापले जाऊ लागले तेव्हा त्या पट्टीच्या शेंड्यांशी घट्ट लागायला सुरुवात झाली. मावशी रोज कामावरून येताना एकदा अंगठा टेकवून बघायच्या.

तीन महिने भरले आणि नर्सबाई आली. मावशी आदल्या रात्री शांत झोपल्या होत्या, पण रांगेत उभ्या राहिल्यावर आईच आठवायला लागली. पुढच्या बाईचं झालं. नर्सबाईने त्यांचा हात हातात घेतला, बोट चिमटीत धरलं आणि सुई टोचली.

"आई गं," मावशी म्हणाल्या.

"दुखलं?"

"दुखलं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की नर्सबाईने सुईकडे वळून पाहिलं.

यंत्रावर एकशे नऊ आले. काठावरच आहात, ती म्हणाली, पण मागे सरकलात. कशाने म्हणावं, साखर सोडल्याने, चालण्याने की अंधाराने, ते मला सांगता यायचं नाही. सगळंच चालू ठेवा. मावशींनी मान हलवली. त्यांनाही ते सांगता आलं नसतं. फुलाला तरी कुठे सांगता येतं, पाण्याने उमललं की रात्रीने?

बोटाला कापसाचा बोळा धरून त्या नव्या शेडमध्ये गेल्या. खिडकीसमोरच्या त्या पट्टीची खुडणी राहिली होती आणि ती त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिली नव्हती. कापूस टाकला. पहिल्या दांड्याशी उभ्या राहिल्या, डोळे अर्धे मिटले, आणि टोचलेलं बोट सोडून बाकीच्या बोटांनी चाचपलं. मधे एक. बाजूला सहा.